डिस्टिलरीचा सीओटू रिकव्हरी प्लांट: घेण्यासारखा आहे, पण अनुदान यावर नको

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीजवळून गेले की आंबूस वास येतो. त्या वासाबरोबर रोज कित्येक टन कार्बन डायऑक्साइड (सीओटू) हवेत निघून जात असतो. तो गोळा करून, धुऊन, दाबून, थंड करून द्रवरूपात टाकीत भरणारा रिकव्हरी प्लांट हा या परीक्षणाचा विषय. परीक्षण एका कंपनीच्या मालाचे नाही. ६० केएलपीडी, म्हणजे दिवसाला ६० हजार लिटर अल्कोहोल बनवणाऱ्या, डिस्टिलरीला लागणारा, दिवसाला ३० ते ३५ टन क्षमतेचा, पोलादी चौकटीवर (स्किडवर) जोडून येणारा संच समोर धरला आहे. या मापाच्या संचांची रचना सगळीकडे जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो सुट्या भागांच्या दर्जात आणि विक्रीनंतरच्या सेवेत.

यावर लिहायला निमित्त आहे. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कार्बन पकडणे, वापरणे आणि साठवणे यासाठी पाच वर्षांत २०,००० कोटी रुपयांची तरतूद सुचवली गेली. त्यात वीज, पोलाद, सिमेंट, रिफायनरी आणि रसायने या उद्योगांची नावे आहेत, डिस्टिलरीचे नाव नाही. मग साखरेवरच अन्याय का, आमच्या प्लांटलाही भांडवली अनुदान द्या, अशी मागणी होणे स्वाभाविक आहे. हे यंत्र आतून कसे चालते ते नीट पाहिले की या मागणीचे उत्तर यंत्रातच सापडते.

आधी हिशोब. यीस्ट १८० किलो ग्लुकोज खाते तेव्हा ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो सीओटू तयार होतो. लिटरवर आणले तर एक लिटर अल्कोहोलमागे सुमारे पाऊण किलो. ६० केएलपीडीला दिवसाचे ४५ टन. सगळे हाती लागत नाही. बॅच सुरू होताना टाकीत हवा असते, ती निघून जाईपर्यंत पहिले काही तास गॅस बाहेरच सोडावा लागतो. बॅचच्या शेवटी जोर ओसरतो. काही धुण्यात आणि ड्रायरमध्ये जातो. सत्तर ते पंचाहत्तर टक्के मिळाले तर प्लांट चांगला चालला म्हणायचे. कोटेशनमध्ये कोणी ६० केएलपीडीवर ४२ टन लिहून देत असेल तर त्याला फर्मेंटरच्या वेळापत्रकासकट हिशोब मांडायला सांगा.

या गॅसची खरी श्रीमंती त्याच्या शुद्धतेत आहे. पाण्याची वाफ वगळली तर फर्मेंटरवरचा गॅस ९८ ते ९९ टक्के सीओटूच असतो. बॉयलरच्या चिमणीत तो १२ ते १४ टक्के असतो, उघड्या हवेत ०.०४ टक्क्याच्या आसपास. कार्बन पकडण्याचा खर्च म्हणजे मुख्यतः इतर वायूंमधून तो वेगळा काढण्याचा खर्च, आणि डिस्टिलरीत ते काम यीस्टने आधीच करून ठेवलेले असते.

चिमणीतून पकडायचा झाला तर काय होते, तेही पाहा. नेहमीच्या पद्धतीत धुरावर अमाइन या रसायनाचे द्रावण फवारतात, ते सीओटू धरते, आणि मग ते ११० ते १२० अंशांपर्यंत तापवून त्यातून सीओटू सोडवतात. टनामागे साधारण साडेतीन गिगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे कमी दाबाची दीड टनाहून जास्त वाफ. ५,००० टन गाळपाचा कारखाना दिवसाला सुमारे १,४०० टन बगॅस (उसाचा चोथा) जाळतो आणि त्यातून १,२०० टनांच्या घरात सीओटू बाहेर पडतो. त्यातला ९० टक्के पकडायला जवळपास १,८०० टन वाफ हवी. तेवढ्या बगॅसवर तयार होते ३,१०० टनांच्या आसपास, आणि त्यातली २,००० टन साखर शिजवायला जाते. बाराशे टनांचा चिमणीतला सीओटू पकडायला कारखान्याची वाफच पुरत नाही, सहवीजनिर्मिती बंद करूनही नाही. अशा ठिकाणी कोणी अनुदान मागितले तर ती मागणी समजण्यासारखी आहे. फर्मेंटरच्या गॅसला यातले काहीच लागत नाही.

आता संच. फर्मेंटरच्या झाकणावरून गॅस आधी फोम ट्रॅपमध्ये येतो, तिथून गॅस पाण्याने धुणाऱ्या स्क्रबरमध्ये. हा स्क्रबर एकटाच घेतला तरी वसूल होतो, कारण गॅसबरोबर उडून जाणारे अर्धा-एक टक्का अल्कोहोल पाण्यात उतरून परत वॉशमध्ये, म्हणजे आंबवलेल्या द्रावणात, येते. एक टक्का म्हणजे ६० केएलपीडीवर रोजचे ६०० लिटर. त्यानंतर गॅस साठवणारा रबरी कापडाचा बलून, मग दोन टप्प्यांचा विनातेल कंप्रेसर १७-१८ बारपर्यंत दाबतो. पुढे पोटॅशियम परमँगनेटचा स्क्रबर, ॲक्टिव्हेटेड कार्बनचे टॉवर, ओलावा शोषणाऱ्या ड्रायरचे दोन टॉवर, आणि अमोनियावर चालणारा कंडेन्सर. या दाबावर सीओटू उणे २३ अंशांच्या आसपास द्रव होतो. शेवटी स्ट्रिपर उरलेला ऑक्सिजन आणि नायट्रोजन काढून टाकतो, आणि माल इन्सुलेटेड टाकीत जातो.

वीज टनाला १५० ते २०० युनिट लागते. १८० धरले आणि युनिट ८ रुपयांना पडले, तर टनाला १,४४० रुपये. कूलिंग टॉवर आणि टाकीची देखभाल वेगळी. हंगामात स्वतःची वीज वापरता येते, पण ती ग्रिडला विकली असती तर जे मिळाले असते ते खर्चात धरायचे. फुकटची वीज म्हणून मांडलेला नफा खोटा असतो.

बिघाड कुठे होतात, ते ठिकाणानुसार सांगतो, कारण विक्रेत्याच्या सादरीकरणात हे येत नाही.

पहिले ठिकाण फेस. मळीवरच्या फर्मेंटरमध्ये फेस अचानक चढतो. अँटिफोमचा डोस हाताने सोडत असतील तर रात्रपाळीत तो कधीतरी चुकतो आणि फेस ट्रॅप ओलांडून बलूनपर्यंत जातो. बलूनच्या तळाशी साचलेला तो चिकट, आंबलेला थर पुढे महिनाभर मालाला वास देत राहतो. फेसाची पातळी दाखवणारा प्रोब आणि त्यावर चालणारा डोसिंग पंप मूळ ऑर्डरमध्येच घ्यावा.

दुसरे ठिकाण टाकीचे झाकण. जुने फर्मेंटर पाण्याच्या काही इंचांएवढाच दाब किंवा निर्वात सोसतात. ब्लोअर गॅस तयार होण्याच्या वेगापेक्षा जोरात ओढू लागला तर आधी झाकणाच्या फटीतून हवा आत येते आणि मालात ऑक्सिजन वाढतो. त्यातही व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह वाळलेल्या फेसाने चिकटलेला असेल तर टाकीचा पत्रा आत ओढला जातो. असा पत्रा सरळ होत नाही, बदलावा लागतो. हा व्हॉल्व्ह आठवड्यातून एकदा उघडून धुणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

तिसरे गंधक, आणि हे आपल्या कोल्हापूर भागात जास्त जाणवते. पांढऱ्या साखरेसाठी बहुतेक कारखाने रसावर गंधकाची प्रक्रिया करतात. त्याचा अंश मळीत आणि सिरपमध्ये उतरतो, आणि यीस्ट त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड बनवते. पेयांच्या मालाला एकूण गंधक ०.१ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.१ भाग) आत लागते आणि ॲसिटाल्डिहाइड ०.२ च्या आत. शुद्धता ९९.९ टक्के आली तरी हे दोन आकडे चुकले की टँकर परत येतो. परमँगनेटच्या स्क्रबरची काच इथे सगळ्यात प्रामाणिक मीटर आहे. द्रावण गडद जांभळे असेपर्यंत ते काम करत असते. कडेने तपकिरी गाळ धरू लागले, रंग चहासारखा झाला, की पुढचा सगळा भार कार्बनवर जातो आणि कार्बन मुदतीआधी भरतो. बदलण्याचा दिवस कॅलेंडरवर ठरवू नका, काचेवर ठरवा. तयार मालासाठी सोपी चाचणीही आहे. टाकीतून थोडा द्रव स्वच्छ कापडी पिशवीत सोडायचा, बर्फासारखा भुगा जमतो, तो काचेच्या भांड्यात घेऊन वाफ होताना अंतरावरून, हाताने वारा घेत वास घ्यायचा. गंधक किंवा आंबूसपणा असेल तर यंत्राच्या रिपोर्टआधी नाकाला कळतो. हातात जाड मोजे हवेत, भुगा उणे ७८ अंशांचा असतो.

ड्रायरबद्दल एकच गोष्ट: शोषलेला ओलावा तापवून काढणारा हीटर जळाला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर ओला गॅस कंडेन्सरच्या नळ्यांत बर्फ धरतो. दाब वाढत जातो, उत्पादन घटत जाते, आणि दोष अमोनिया प्लांटला दिला जातो. गॅसमधला ओलावा दाखवणाऱ्या ड्यू पॉइंट मीटरवर पैसे वाचवू नका.

साठवण टाकीचा दाब ५.२ बारच्या खाली गेला की द्रव राहत नाही, आतल्या आत ड्राय आइस होतो. टँकर भरून झाल्यावर पाइप घाईने रिकामा केला तर त्यातही ड्राय आइसचा बोळा अडकतो, आणि थोड्या वेळाने तो गोळीसारखा बाहेर येतो. टाकीला दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि मध्ये बदलाचा व्हॉल्व्ह हवा, म्हणजे एकाची तपासणी चालू असताना दुसरा कामावर राहील. टाकीला पेसो या केंद्रीय स्फोटक-सुरक्षा संस्थेचा परवाना लागतो, खाद्य मालाला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा.

सीओटू हवेपेक्षा दीडपट जड असतो. तो खड्ड्यात, पंपघरात, फर्मेंटरच्या तळाशी साचतो. हवेत दहा टक्के झाला तर माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. डिटेक्टर भिंतीवर डोक्याच्या उंचीला लावलेले दिसले तर तो प्लांट स्वीकारू नका. ते जमिनीपासून एक-दीड फुटावर लावायला हवेत, ०.५ टक्क्याला पहिली घंटा.

आता ग्राहक. कोल्हापूरची बाजू इथे भक्कम आहे, पण वाटते तेवढी नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्रींत कोअर, म्हणजे ओतीव वस्तूतल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, घट्ट करायला हाच गॅस वापरतात. वाळूत साडेतीन ते पाच टक्के सोडियम सिलिकेट मिसळून कोअर बॉक्स ठासायचा, प्रोब लावून १० ते ३० सेकंद गॅस सोडायचा. गॅस कमी पडला तर कोअर आतून मऊ राहतो. जास्त झाला तर वरून पांढरी भुकटी धरतो आणि कडा बोटाने चुरतात. ३० किलोच्या सिलिंडरमधून भराभर गॅस ओढला की रेग्युलेटरवर बर्फ चढतो, प्रवाह अर्ध्यात तुटतो, आणि त्या पाळीचे निम्मे कोअर बाद होतात. अशा फाउंड्रीला जवळच्या डिस्टिलरीकडून टाकी आणि द्रवाचा गॅस करणारा व्हेपोरायझर लावून मिळालेला गॅस सिलिंडरपेक्षा निश्चित बरा. पण वापर किती? वाळूच्या वजनाच्या एक-दोन टक्के धरायचा. दिवसाला पाच टन कोअर वाळू वापरणाऱ्या फाउंड्रीला ५० ते १०० किलो. एका डिस्टिलरीचे ३३ टन संपवायला अशा तीनशेहून जास्त फाउंड्री लागतील. वेल्डिंग, सोडा, ड्राय आइस, अग्निशामक हे सगळे धरूनही जिल्ह्यातल्या दोन-तीन डिस्टिलरींनी प्लांट लावले की दर पडणार. जो पहिला लावेल त्याला हे यंत्र चांगले आहे. पाचव्याला नाही.

साठवण किमान चार-पाच दिवसांची घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. टँकर अडकले की टाकी भरते, आणि भरलेली टाकी म्हणजे बंद प्लांट. दुसरा धोका धोरणाचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधन घातले, ते पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठवले. डिस्टिलरी थांबली की सीओटूही थांबतो. परतफेडीचा हिशोब वर्षाच्या ३३० दिवसांवर कोणी मांडला असेल तर तो २२० दिवसांवर मांडून पाहा. तरीही कर्ज फिटत असेल तरच पुढे जा.

म्हणजे जागा आणि ग्राहक बरोबर असतील तर हा प्लांट स्वतःच्या पायावर उभा राहतो. नसतील तर अनुदानाने तो उभा राहिल्यासारखा दिसेल, एवढेच.

आणि अनुदान द्यायचे ते कशासाठी? हवेतला कार्बन कमी व्हावा म्हणून. या प्लांटचा माल सोड्याच्या बाटलीत जातो, झाकण उघडले की परत हवेत. तो कार्बन मुळात आडसाली उसाने गेल्या सोळा-अठरा महिन्यांत हवेतूनच घेतलेला होता, त्यामुळे तो परत गेल्याने तोटा नाही. पण फायदाही नाही. विक्रेते सांगतात की यामुळे खनिज इंधनातून येणारा सीओटू कमी वापरला जातो. बाजारातला बराचसा सीओटू अमोनिया आणि हायड्रोजनच्या कारखान्यांतून येतो, आणि तिथे तो मुख्य मालाबरोबर निघतोच. त्याला ग्राहक मिळाला नाही तर तो तिथल्या चिमणीतून जाईल. इकडे पकडला, तिकडे सोडला. शिवाय ग्रिडच्या वीजेवर चालवला तर टनामागच्या १८० युनिटांतून सव्वाशे किलो नवा सीओटू कोळशाच्या राखेबरोबर कुठेतरी बाहेर पडतो. डिस्टिलरीच्या कर्जावरचे व्याज २०१८ पासूनच्या योजनेत केंद्राने उचललेच आहे, सहा टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मे, यात जे कमी असेल ते. त्याच फर्मेंटरवर दुसऱ्यांदा लोकांचा पैसा मागताना लोकांना बदल्यात काही मिळाले पाहिजे.

मिळू शकते, हे महत्त्वाचे. हाच गॅस जमिनीखाली कायमचा गेला तर तो हवेतून खरोखर उणे होतो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिकेटर इथे मक्याच्या इथेनॉल कारखान्याचा फर्मेंटरचा गॅस वाळवून, दाबून दोन किलोमीटरहून खोल वालुकाश्मात सोडतात. तिथला कायदा साठवलेल्या टनाला ८५ डॉलरची करसवलत देतो, यंत्राच्या बिलावर नाही. तिथेही २०२४ मध्ये निरीक्षण विहिरीतून गळती सापडली, म्हणजे मोजणारा यंत्रणेबाहेरचा हवा. यंत्राच्या उभारणीला आधीच पैसे देण्याचा अनुभव मात्र कडू आहे. मिसिसिपीतल्या केम्पर वीज प्रकल्पाने सरकारी मदत घेतली, खर्च सात अब्ज डॉलरच्या पुढे गेला, आणि २०१७ मध्ये कार्बन पकडण्याचा भाग सोडून द्यावा लागला. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला आणि १९९६ पासून उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर वायुक्षेत्राच्या समुद्रतळाखाली वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास गॅस जाऊ लागला. आपल्याकडे तमिळनाडूत तुतिकोरिनला एका रसायन कारखान्याने २०१६ मध्ये कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून वर्षाला ६०,००० टन पकडून सोडा ॲश बनवायला घेतले, तेही अनुदानाशिवाय, कारण गॅसची गरज दाराशीच होती.

कोल्हापूर उभे आहे ते दख्खनच्या काळ्या पाषाणावर. आइसलँडमध्ये अशाच बेसॉल्टमध्ये पाण्यात विरघळवलेला सीओटू सोडला, तर त्याचा ९५ टक्के भाग दोन वर्षांच्या आत खनिज होऊन खडकात बसला, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला टनामागे सुमारे २५ टन पाणी लागते, म्हणजे आपल्या ३३ टनांना रोजचे सव्वाआठ लाख लिटर. कोयनेत पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने घेतलेल्या खोल विंधन विहिरींपैकी एकीत बेसॉल्टची जाडी सुमारे ९३० मीटर निघाली. त्याच कोयनेत १९६७ चा भूकंप झाला, त्यामुळे या भागात जमिनीत काहीही दाबून सोडण्याआधी खडक, भेगा आणि भूजल यांचा अभ्यास लागेलच. त्या अभ्यासासाठीची विंधन विहीर कोणत्याही एका सहकारी कारखान्याने सभासदांच्या पैशातून घेऊ नये. तिची माहिती सगळ्या महाराष्ट्राच्या कामाची आहे, म्हणून खर्चही सरकारचा हवा. कऱ्हाडजवळ हजारमाचीला मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, माणसे आहेत, विंधनातून काढलेले खडकाचे नमुने आहेत. २०,००० कोटींतला पैसा इकडे वळला तर तो सत्कारणी लागेल. सिमेंटलाही तो द्यावा, कारण तिथला निम्म्याहून जास्त सीओटू चुनखडीतूनच सुटतो, इंधन बदलून तो थांबत नाही. आणि साठवण सिद्ध झाल्यावर डिस्टिलरीलाही द्यावा, जमिनीखाली गेलेल्या निव्वळ टनावर, वीज वजा करून, त्रयस्थाने मोजल्यावर.

तोवर हा प्लांट घेणाऱ्याने तो धंदा म्हणून घ्यावा. ऑर्डरमध्ये चार गोष्टी लिहून घ्या. सलग ७२ तासांची चाचणी तुमच्याच मळीवर, आणि तीही बॅच बदलताना. टनाला विजेची हमी, अमोनिया कंप्रेसर आणि कूलिंग टॉवर धरून. गंधक आणि ॲसिटाल्डिहाइडचा बाहेरच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट. कंप्रेसरच्या पिस्टन रिंगा आणि व्हॉल्व्ह प्लेटचे दोन जादा संच कारखान्याच्या स्टोअरमध्ये, पहिल्या दिवसापासून, कारण रिंग गेल्यावर ती येईपर्यंत आठवडा जातो आणि तेवढ्यात रोजचे ३३ टन परत झाकणावरून हवेत जातात. शेवटचे दहा टक्के पैसे या चारही कागदांवर तुमच्या केमिस्टची सही झाल्यावरच सोडा.